पडलेला हात आणि उसवलेला मोजा

बैलबंडीच्या कडेच्या बांबूवर उजवा हात टाकून मी चार तास झोपलो, आणि उठलो तेव्हा हात गेलेला होता.

कापला नव्हता, मोडला नव्हता. खांद्याला नीट जोडलेला होता. पण मनगटापासून पुढचा पंजा उन्हात मलूल झालेल्या केळीच्या पानासारखा खाली लोंबत होता. मी मनातल्या मनात त्याला म्हणायचो, ऊठ. तो जागचा हलत नसे. दुखत मात्र काहीच नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. दुखणारा हात निदान आपला तरी वाटतो.

हे घडलं ते माझ्या सासुरवाडीमुळे, म्हणजे रोहिणखेडमुळे. शेतातल्या मारुतीपुढे रोडग्यांचा नवस होता. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे, हे आमच्या वऱ्हाडातलं जेवण. मी किती खाल्ले ते सांगत नाही. वाढणारा माझ्याकडे न बघता पुढे जाऊ लागला, एवढं सांगतो. त्यानंतर मेहुण्याची कापसाची बंडी मलकापूरच्या जिनाकडे, सरकी काढायच्या कारखान्याकडे, निघाली होती, तिच्यावर मी चढलो. खाली कापूस, वर थंडीतलं ऊन, पोटात तूप. उजवा दंड कडेच्या बांबूवर टाकला आणि डोळे मिटले. मोताळा कधी मागे पडलं ते मला अजून माहीत नाही.

हे लिहितो आहे ते ज्यांचा हात असा अचानक रुसून बसला असेल त्यांच्यासाठी. शहाणपणाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतील. मी आपला माझा मूर्खपणा सांगतो, तो नेमका कुठे कुठे केला ते कळलं तर तेवढी ठिकाणं तुम्हाला टाळता येतील.

*

मी मलकापूरच्या कचेरीत नक्कलनवीस. कोणाचं खरेदीखत, कोणाचा निकाल, कोणाचा वाटणीचा कागद, यांच्या नकला हाताने उतरवून द्यायच्या. सात वर्षं हेच केलं. उजवा हात म्हणजे माझी शेती म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी बायको मला बुलढाण्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, "हे कसं झालं?"

मी म्हणालो, "एकाएकी."

बांबूचं काही बोललो नाही. जावई रोडगे खाऊन मुडद्यासारखा पडला होता, हे परक्या माणसापुढे कसं सांगायचं? त्या दोन तोळ्यांच्या लाजेपायी डॉक्टरांना वाटलं, लकवा. त्यांनी मला शीळ वाजवायला लावली, जीभ काढायला लावली, भिवया उडवायला लावल्या. तळपायाला टाचणी टोचली. मग खाटेवर निजवून म्हणाले, "चार दिवस इथेच राहा. बघू कसं काय ते."

लकवा हा शब्द बुलढाण्याहून रोहिणखेडला माझ्याआधी पोचला. कोणी कबुतराचं रक्त चोळा म्हणून निरोप धाडला, कोणी ताईत पाठवला. इंदिरा, म्हणजे माझी बायको, खाटेच्या पायथ्याशी बसून माझ्या तोंडाकडे बघत राही, तोंड वाकडं होतंय का म्हणून. ती बघते म्हणून मीही चमच्याच्या पाठीत तोंड बघू लागलो. चमच्याच्या पाठीत कोणाचंही तोंड वाकडंच दिसतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझी खात्री झाली की आपल्याला लकवाच झाला. बांबूची गोष्ट मला ठाऊक असून झाली, हे विशेष.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीवर आले, तर इंदिरा पदर खोचून उभी. बंडी हाकणारा गडी तिला आदल्या संध्याकाळी भेटून गेला होता.

"डॉक्टरसाहेब, यायले जरा विचारा, बंडीवर कसे झोपले होते ते."

"कसे झोपले होते?"

"आडवा," मी म्हणालो.

"हात कुठी होता ते सांगा!" इंदिरा म्हणाली. "गडी सांगून राह्यला, दंड बांबूवर होता. त्यानं दोनदा हलवून पाह्यलं. हे घोरतच होते."

डॉक्टरांनी माझा दंड उलटा केला. मागच्या बाजूला बोटभर रुंद काळानिळा पट्टा होता. त्यांनी तिथे अंगठा दाबला तशा हाताच्या पाठीवर मुंग्या आल्या. ते हसले नाहीत, पण हसू दाबायला त्यांना नळीने माझी छाती तपासावी लागली, ज्या छातीला काहीच झालं नव्हतं.

"हा लकवा नाही," ते म्हणाले. "दंडातली शीर दबली. पाण्याच्या पाटात कोणी दगड ठेवला की पुढचं वावर कोरडं पडतं, तसं. दगड आता निघालाय. पाणी येईल."

"कधी?"

"तीन महिने धरा. लवकर येईल, उशिरा येईल. फार दबली असेल तर पूर्वीसारखं न येण्याचीही तयारी ठेवा."

कचेरीने मग मला रजा दिली तीही तीनच महिन्यांची. माझ्या जागेवर बदली माणूस बसला. तीन महिन्यांत लिहिता हात घेऊन हजर झालो तर जागा माझी, नाही तर त्याची. इतकं सरळ होतं.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले आणि इंदिरा माझ्याकडे वळली. ती आधी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "दोन दिवस मी देव पाण्यात घालून बसली, अन् तुम्ही रोडगे लपवून राह्यले होते?"

तुम्हाला माझी पहिली विनंती ही: डॉक्टरला खरं सांगा. जेवढी लाज जास्त वाटते, तेवढं आधी सांगा.

*

पंजा लोंबू नये म्हणून मनगटाखाली लाकडाची पट्टी बांधली. रोज सकाळी कोमट तेलाने मालिश, मग डॉक्टर म्हणणार, "हात उचला," मी सगळा जीव एकवटून उचलणार, आणि हात सोडून बाकी सगळं वर जाणार. भिवया, खांदा, डावा पाय.

शेजारच्या खाटेवर दुसरबीडचे एक पाटील होते. झाडावरून पडून मांडी मोडलेली, पाय वाळूच्या पिशव्यांत अडकवलेला. त्यांना करमणूक हवी होती आणि ती मी होतो.

"आज कान पण हलला मास्तर," ते म्हणायचे. मी मास्तर नव्हतो. पण धोतर आणि चष्मा असला की त्यांच्या हिशोबी मास्तरच.

हे धोतर नेसवायचं इंदिरेने. एका हाताने काष्टा घालून बघा एकदा, म्हणजे कळेल. आणि जेवणाची तर आणखीच पंचाईत. डाव्या हाताने घास उचलायचा नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. उजव्यात भाकर धरता येईना. त्यामुळे बत्तीस वर्षांच्या गड्याला सगळ्या वॉर्डासमोर बायको भरवी. पहिले दोन दिवस मी भूक नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आ करा. रोडग्याच्या वेळी तर बरं उघडलं होतं तोंड." पाटलांना वाळूच्या पिशव्यांसकट हसू आलं.

हसण्यावारी नेत होतो, पण पहाटे डोळा उघडला की आधी पांघरुणात बोटं हलवून बघायचो. ती हलत नसत. मग तसाच पडून विचार करायचो, हा हात नाही आला तर मी काय करणार? मला दुसरं काही येतच नव्हतं.

*

त्या वॉर्डाच्या नर्स मार्थाबाई, जालन्याकडच्या. पन्नाशीच्या, जाडजूड, बोलायला रोखठोक. लढाईचे दिवस होते. सैनिकांसाठी मोजे, मफलर विणून द्यायचं काम बायकांनी घेतलं होतं आणि मार्थाबाई फेरीतून सवड मिळाली की खिडकीशी बसून सुयांवर खाकी लोकरीचे मोजे विणत.

मी वऱ्हाडातला. सरकी पेरण्यापासून गाठी बांधण्यापर्यंत कापूस बघितलेला. कापड कसं होतं हे मला माहीत होतं: ताणा उभा, बाणा आडवा, मध्ये धोटा पळतो. पण या बाईच्या हातात माग नव्हता, धोटा नव्हता, दोन काड्या होत्या, आणि खाली कापड लोंबत होतं. यात ताणा कोणता, या प्रश्नाने मला तीन दिवस झोप येऊ दिली नाही. इतर काळज्या विसरायला झाल्या हे खरं.

एकदा त्या मोजा माझ्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेवून बोलावणं आलं म्हणून गेल्या. जवळजवळ पुरा झालेला मोजा, पंज्याकडे सुईवर थोडे टाके आणि एक मोकळं टोक. मी म्हटलं, टोक धरून ओढलं तर ताणा कोणता ते कळेल. सुई बाजूला काढली. डाव्या हाताने हलकेच ओढलं.

एक ओळ आली. कापड संपलं आणि पुन्हा धागा झाला, सगळा वळ्यावळ्यांचा, जसे शेवयांचे वेटोळे. मी इतका चकित झालो की आणखी ओढलं.

"थांबू नका," पाटील म्हणाले. "बघू तरी कुठवर येतंय."

"टाच आली," मी म्हणालो.

"टाचेच्या पुढं?"

टाचेच्या पुढे नडगी आली. मार्थाबाई परत आल्या तेव्हा माझ्या छातीवर खाकी लोकरीचा ढीग होता आणि हातात मोज्याचा वरचा पट्टा.

"अरे देवा. हे कामून ओढलं?"

"ताणा बघत होतो," मी म्हणालो.

त्यांनी ढिगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ह्यात ताणा नाही आन् बाणा नाही. एकच धागा आहे. त्याचं एक वेटोळं दुसऱ्या वेटोळ्याच्या पोटातून निघतं, बस. आठ दिवसांचं काम होतं हे."

"माफ करा."

"माफी सैनिकाच्या पायात घालता येत नाही. उसवलं तुम्ही, विणाल पण तुम्हीच."

"या हाताने?"

"त्याच हाताने."

मला वाटलं रागात बोलल्या. पण संध्याकाळी डॉक्टरांना विचारून आल्या. डॉक्टर म्हणाले, बोटं नुसती पडून राहण्यापेक्षा हे बरं, पट्टी मात्र सोडायची नाही.

*

टाके घालण्यापासून सुरुवात. सुईवर एकामागे एक वीस वेटोळी चढवायची. मग दुसरी सुई वेटोळ्यात समोरून खुपसायची, धागा तिच्यावरून फिरवायचा, नवं वेटोळं ओढून बाहेर काढायचं आणि जुनं सोडून द्यायचं. हा सुलट टाका. मागून करायचा तो उलट. सगळं विणकाम या दोनांत. ऐकायला सोपं आहे.

माझी उजवी सुई मार्थाबाईंनी काखेत धरायला लावली, म्हणजे हाताला भार नको. पट्टीतल्या हाताने फक्त धागा सुईवरून टाकायचा. पण धागा टाकायला पहिलं बोट मुळातून वर उचलावं लागतं, आणि तेच तर येत नव्हतं. मी डाव्या हाताने उजव्याचं बोट उचलून धागा टाकायचो. एका टाक्याला इतका वेळ लागे की पाटलांची मधे एक डुलकी होई.

मी भीतीने धागा घट्ट ओढायचो. दुसऱ्या ओळीला सुई वेटोळ्यात शिरेचना.

"गळा आवळू नका त्याचा," मार्थाबाई म्हणाल्या. "सैल सोडा. पळून जात नाही तो."

मग सैल सोडला आणि दुसरीच गंमत. वीस टाके घातले होते, पाचव्या ओळीला सत्तावीस झाले. मी तीन वेळा मोजले. पाटलांनी मोजले. विणलेली पट्टी खालून अरुंद आणि वर रुंद, जशी सुपाची कड. टाके आपोआप विणतात की काय, हे मला कळेना. शेवटी मार्थाबाईंनी दाखवलं: ओळीच्या सुरुवातीला धागा सुईच्या वरून मागे गेला की पहिल्या वेटोळ्याचे दोन पाय वर येतात, आणि नवशिका त्यांना दोन वेटोळी समजून दोन्ही विणतो. धागा खालून ठेवायचा. एवढंच. ही चूक तुम्हीही करणार, लिहून ठेवा.

पुढे त्यांनी मला स्वतः विणलेली हातभर पट्टी नमुन्यासाठी दिली. सुलट, उलट, मधे नक्षीची ओळ. "हे बघून तस्सं करा," म्हणाल्या, आणि दोन दिवस सुट्टीवर गेल्या.

आता बघून तस्सं करणं हा माझा धंदा. आमच्याकडे मूळ कागदात चूक असेल तर नकलेतही ती चूक हवी. सुधारायला गेलात तर गुन्हा. मी पट्टी ओळीओळीने वाचली. अकराव्या ओळीत डावीकडून सहावा टाका निसटलेला होता आणि त्याखाली तीन ओळींची शिडी उतरली होती. मी तो नेमका उतरवला. टाका मुद्दाम सोडायचा, पण तीन ओळींखाली जाऊ द्यायचा नाही, हे किती अवघड आहे याची तुम्हाला कल्पना नाही. तो सहाव्या ओळीपर्यंत धावायचा. मग वाकवलेल्या तारेने एकेक पायरी वर आणायचा आणि पुन्हा सोडायचा. अर्धा दिवस त्यात गेला.

मार्थाबाई आल्या. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या. भोकावर भोक.

"हे काय?"

"अस्सलबरहुकूम नक्कल," मी अभिमानाने म्हणालो.

"अहो, ते माझं चुकलेलं होतं! दिवा कमी होता म्हणून निसटलं. तुम्ही ते मुद्दाम विणलं?"

पाटील पोट धरून हसले आणि मांडी दुखली म्हणून कण्हले. पण बाई हसता हसता माझा उजवा हात धरून बघू लागल्या.

"निसटलेला टाका कोणत्या हाताने वर आणला?"

मी आठवून बघितलं. तार उजव्या हातात होती. नादात मनगटाची पट्टी सैल झाली होती ती मी बांधलीच नव्हती.

"पट्टी काढा आता. हात उचला."

मी उचलला. जवाच्या दाण्याएवढा उचलला गेला. पाटील म्हणाले, "आज कान नाही हलला."

*

महिन्याने घरी आलो. मोज्याची लोकर बरोबर आणली होती, दवाखान्याच्या सुया मात्र दवाखान्यात राहिल्या. मलकापुरात तेव्हा विणायच्या सुया कुठे मिळणार? इंदिरेचा भांग पाडायचा सायाळीचा काटा होता. गुळगुळीत, टोकदार, वीतभर. दुसरा तिने शेजारच्या काकूंकडून आणला.

"माझा भांग महिनाभर वाकडा राहील तुमच्यापायी," ती म्हणाली.

पुरुषमाणूस ओटीवर बसून मोजा विणतो, हे पेठेत पसरायला एक सकाळ पुरली. मी आत जाऊन बसलो. इंदिरा धुणं वाळत घालता घालता बघे. चौथ्या दिवशी तिने काटे घेतले आणि तासाभरात माझ्या आठवड्याएवढं विणलं. मला राग आला, आणि त्या रागात मी तिच्या हातातून धागा घेतला, बोट उचललं आणि सुईवरून टाकला.

दोघेही थांबलो. डावा हात मांडीवर होता. बोट स्वतःहून उचललं गेलं होतं, मुळातून.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा उचललं. ती आत गेली आणि ताट वाढून आणलं, माझ्यापुढे ठेवलं, आणि भरवायला बसलीच नाही. मी भाकरीचा तुकडा मोडला. तो वाकडा मोडला, वरण धोतरावर सांडलं. ती दाराच्या चौकटीला टेकून मी ताट संपवेपर्यंत बघत उभी होती.

मोजा पुरा केला. टाच अशी काही जमली की तो घालायला सैनिकाला दोन घोटे लागले असते. पण पोचता केला. मार्थाबाईंनी तो घेतला आणि, मला नंतर कळलं, माझ्याच पद्धतीने टोक धरून पुन्हा उसवला.

*

रजा संपायला दोन दिवस होते तेव्हा कचेरीत गेलो. आमचे मुख्य नक्कलनवीस नानाजी. पांढऱ्या मिशा, जाड भिंगांचा चष्मा, आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं तपासून कपाळाला पडलेली आठी. बदली माणूस माझ्या जागेवर खाली मान घालून लिहीत होता. नानाजींनी एक जुनं खरेदीखत माझ्यापुढे सारलं.

"उतरवा. एक पान."

टाक धरला. बोटं धरत होती, पण पूर्वीसारखी धावत नव्हती. घाई केली की मनगट खाली जायचं. म्हणून एक अक्षर पुरं करायचं, सोडायचं, मग दुसरं घ्यायचं. घट्ट आवळायचं नाही. अर्ध्या पानावर बोटं दमली. मी टाक ठेवला, बोटं मोकळी केली, पुन्हा घेतला. बदली माणसाने त्या वेळात दोन पानं उरकली ते मला ऐकू येत होतं. सात वर्षांत एका पानाला इतका वेळ मी कधी लावला नव्हता. शेवटच्या ओळीपर्यंत आलो तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

नानाजींनी पान उचललं. चष्मा कपाळावर सारला, पान जवळ धरलं, लांब धरलं. मग कपाट उघडून माझी गेल्या साली केलेली एक नक्कल काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. बराच वेळ इकडून तिकडे बघत राहिले. मी म्हणालो, "नानाजी, हात अजून पुरता आला नाही. थोडी सवय झाली की पयल्यासारखं लिहीन."

"नका लिहू पयल्यासारखं," ते म्हणाले. बदली माणसाला हाक मारून त्याला दुसरं टेबल दाखवलं. मग माझ्याकडे वळून नवं पान बोटाने टकटकवलं.

"सात वर्षांत आज पयल्यांदा मले तुमचं अक्षर वाचता आलं. तुम्ही आधीच काऊन नाही पडले हो बिमार?"